मण्यांना दिलेला तेलाचा हात

त्या खेपेची यादी अजून माझ्या कपाटात आहे. बारा कलमं. मण्यांना उघडा हात लावू नये. पत्रा सुरू करण्याआधी कोरड्या फडक्यानं पुसावा. पत्र्याजवळ तंबाखू मळू नये. सांडलेला मणी उचलून परत टाकू नये, वेगळ्या वाटीत ठेवावा. अशी बारा. मी ती मोठ्या अक्षरात लिहून भावाच्या डाळमिलच्या भिंतीवर खळीनं चिकटवली, मुकादमाला दोनदा वाचून दाखवली आणि एकदा त्याच्या तोंडून म्हणवून घेतली. तेरावं कलम मला सुचलं नाही. डाळमिलच्या घरात जन्मूनही सुचलं नाही, याचा राग मला मुकादमापेक्षा स्वतःचाच जास्त आला.

मी तेव्हा हैदराबादच्या कडेला एका अणुसंशोधन प्रयोगशाळेत इंधनाच्या विभागात होते. आमच्याकडे नव्या जातीच्या अणुभट्टीवर काम चालू होतं. नेहमीच्या भट्टीतली उष्णता पाणी बाहेर आणतं. हिच्यात ते काम हेलियम वायू करणार होता. वायू असल्यामुळे तापमान पुष्कळ चढवता येतं, पण तेवढ्या तापमानाला इंधनाच्या धातूच्या कांड्या टिकत नाहीत. म्हणून इंधनाचे खसखशीएवढे मणी करायचे आणि प्रत्येक मण्यावर कार्बनचे आणि आणखी एका कठीण पदार्थाचे थर चढवायचे. हे थर म्हणजे त्या मण्याचं भांडं. आतलं काही बाहेर येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. मणी गोल असला तर थर सगळीकडून सारखा बसतो. अंड्यासारखा असला तर एका बाजूला पातळ बसतो आणि नेमका तिथं तडकतो. म्हणजे सगळं आधी येऊन ठेपतं ते एका साध्या कामावर: गोल मणी निवडायचे, वेडेवाकडे बाजूला काढायचे.

याच भट्टीवर आणखी काही देशांत काम चालू होतं. एरवी सगळे आपापलं झाकून ठेवायचे, पण या निवडण्याच्या प्रश्नावर एकत्र बसायचं ठरलं. एकाच घाण्यातले निर्धोक मणी सगळ्यांना वाटले गेले. त्यांत इंधन नाही, किरणोत्सर्ग नाही, नुसती चिनीमातीच्या जातीची खसखस. प्रत्येकानं आपल्या पद्धतीनं गोल मणी निवडायचे, बाटली सील करायची, आणि ती परदेशातल्या एका ठिकाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाणार. नियम थोडे होते पण कडक होते. मणी तापवायचे नाहीत. धुवायचे तर फक्त साबण आणि पाणी. आणि मण्यांना जे जे केलं ते सगळं लिहून द्यायचं.

इतरांकडे त्यासाठी थरथरणारं यंत्र होतं. आमचं यंत्र दोन वर्षं कागदावर अडकलं होतं, कारण मागणीच्या पत्रात 'अणू' हा शब्द दिसला की विकणारा मागे सरायचा. बैठकीत सगळे यंत्राची वाट पाहण्याच्या गोष्टी करत होते तेव्हा मी म्हणाले, "हे काम आमच्या लातूरला रोज चालतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं की डाळमिलमध्ये तूर भरडल्यावर काही दाणे फुटतच नाहीत. त्यांना गोटा म्हणतात. डाळ आणि गोटा वेगळा करायला तिरपा पत्रा असतो. तो थरथरतो. गोल असेल ते घरंगळत खाली जातं, चपटं असेल ते वर रेंगाळतं.

"मॅडम," आमचे प्रमुख म्हणाले, "आपण इथं वरण करत नाही."

सगळे हसले. मी हसणं संपेपर्यंत थांबले आणि वहीतले सहा मुद्दे एकामागून एक वाचले. शेवटी प्रमुखांनी घड्याळ पाहिलं. "ठीक. पंधरा दिवस. त्यानंतरच्या सोमवारी सील केलेली बाटली माझ्या टेबलावर. मंगळवारी मी विमानात. बाटली आली नाही तर यंत्र येईपर्यंत हा विषय बंद, आणि तोवर तुम्ही दुसऱ्या कामाला." विषय बंद म्हणजे माझं तीन वर्षांचं काम बंद. आमच्या कार्यशाळेत पत्रा करून घ्यायचा तर आठ महिन्यांची रांग होती. भावाच्या मिलमध्ये पत्रा तयार होता आणि दुष्काळामुळे मिल बहुतेक दिवस बंदच होती. मी रजा टाकली, मण्यांची बाटली पिशवीत घेतली आणि उदगीरमार्गे लातूर गाठलं.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. जागोजाग नव्या कार्यालयांचे नवे फलक, रंगाचा वास अजून ताजा, आणि प्रत्येक फलकाखाली घागरींची रांग. बाजारात तूर येत नव्हती. मिल आठवड्यातून जेमतेम दोन दिवस चालायची, तरी माणसं रोज यायची आणि गोदामाच्या सावलीत बसायची. घरी बसून करायचं काय? त्यामुळे माझ्या अर्ध्या किलो मण्यांभोवती पहिल्या दिवशी चौदा माणसं उभी होती.

मुकादमाला आम्ही लहानपणापासून मामा म्हणतो. मामांनी मणी चिमटीत धरायला हात पुढे केला, मी यादीकडे बोट दाखवलं, त्यांनी हात मागे घेतला.

"अक्का, एवढ्याशा ह्याच्यात अणुबॉम्ब बसतो?"

"बॉम्ब नाही मामा. वीज."

"हां, मग बरंय. वीजच न्हाई सकाळपासनं."

पहिले चार दिवस पत्र्याचा उतार जमवण्यात गेले. मी कोनमापक घेऊन बसायचे, आकडे लिहायचे, मणी सोडायचे. कधी सगळेच खाली पळायचे, कधी सगळेच अडून बसायचे. मिलमध्ये एक म्हातारी होती, तिला सगळे थोरली म्हणायचे. तिनं तीस-चाळीस वर्षं सुपात गोटा घोळला होता. ती माझं काम बराच वेळ बघत राहिली, मग उठून आली आणि पत्र्याखाली तळहात धरला.

"लई थरथरतंय. ह्याला दम दे जरा. दाण्यालाबी कळाया पायजे कुठं जायाचंय ते."

फिटरनं पट्टा बदलून वेग कमी केला. पाचव्या दिवशी मणी असे वेगळे झाले की मी भिंग घेऊन आलेखाच्या कागदावर चार वेळा पाहिलं. खाली आलेल्यांत शोधून शोधून एखाद-दुसरा वेडावाकडा सापडला. पुढचे दिवस तीच निवड पुन्हा पुन्हा केली, आणि बुधवारपर्यंत माझ्याजवळ एक बरणीभर गोल मणी तयार झाले. पुढचा सगळा बेत मी आखून ठेवला होता: शनिवारी नांदेड, तिथं वजन आणि सील, रविवारची गाडी, सोमवारी सकाळी प्रमुखांचं टेबल.

बुधवारी मी नांदेडला गेले. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण तिथं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. तिच्याकडे नाजूक तराजू होता, सूक्ष्मदर्शक होता, आणि सीलवर सही करायला ती आणि तिचे प्राचार्य तयार होते. शनिवार पक्का करून मी परत निघाले. लोह्याला एसटी दीड तास थांबली, कारण इंजिनात घालायला पाणी नव्हतं आणि कंडक्टर बादली घेऊन घरोघर फिरत होता. लोक त्याला चहा द्यायला तयार होते, पाणी नाही.

संध्याकाळी मिलमध्ये पाय टाकला तर मामा दारातच उभे. हातात पितळी परात, परातीत माझे मणी. ते चमकत होते.

"बघा," मामा म्हणाले.

मी बघितलं. "मामा, हे काय केलंत?"

"पालिश."

"कशाचं?"

"तेलाचा हात दिलाय. करडईचं. घरचं तेल हाय, भेसळ न्हाई."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यात सांगायचं काय अक्का? आपल्या मिलचा माल बिनपालिशचा आजवर नांदेडला गेला न्हाई, अन् तुमचा इलायतेला जायचा? तिथं बाकीच्या देशांचा माल मांडलेला असणार. आपला असा भुरकट! कुणाची बेइज्जती? तुमची. म्हणजे आमची."

"यादी वाचली होती ना तुम्ही?"

"वाचली की. बाराच्या बारा. हात लावला न्हाई, फडकं लावून केलंय. तंबाखू दोन दिस खाल्ली न्हाई. पालिश करू नका असं कुठं लिवलंय ते दावा."

मी खरोखर भिंतीपाशी गेले आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचली. नव्हतं लिहिलं. मागे माझा भाऊ पोट धरून हसत होता. त्याच्याकडे बघून मी म्हणाले, "तू इथंच होतास ना?"

"होतो की. मला वाटलं तुझ्याच यादीत असेल."

तेल लागलेले मणी एकमेकांना चिकटत होते, परातीच्या कडेला चिकटत होते, आणि त्यांचं वजन बदललं होतं. अशी बाटली पाठवली असती तर तिकडे ती उघडून लगेच बाजूला ठेवली असती. तापवून तेल जाळता आलं असतं, पण तापवायची मनाई. म्हणजे साबण आणि पाणी. खसखशीएवढ्या दाण्यावरचं तेल काढायचं तर पाच-सहा वेळा साबणानं, मग साबण जाईपर्यंत धुणं. मी हिशेब केला. निदान आठ घागरी. आमच्या गल्लीत टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि घरटी चार घागरी मिळायच्या.

गुरुवारी सकाळी मी नव्या जिल्हा कचेरीत टंचाईचे अर्ज घेणाऱ्या टेबलापुढे रांगेत उभी राहिले. टेबल नवं होतं, खुर्ची यायची होती. कारकून बांधलेल्या दप्तरावर बसून लिहीत होता. माझं ओळखपत्र त्यानं नीट वाचलं, उभा राहिला, मग माझा अर्ज वाचला आणि परत बसला.

"मॅडम, माझ्याकडं तीन रकाने हायेत. पिण्यासाठी, जनावरांसाठी, दवाखान्यासाठी. मणी धुण्यासाठी कुठं लिहू?"

"हे आंतरराष्ट्रीय काम आहे. देशाचं काम आहे."

"असंल. मी न्हाई कुठं म्हणलं?" त्यानं पेन खाली ठेवलं. "असं करा. रांगेत तुमच्यामागं चौथी म्हातारी हाय, ती पहाटेपासनं उभी हाय. तिला जाऊन सांगा, मला मणी धुवायला आठ घागरी पायजेत. ती हाव म्हणली की मी सही करतो."

मी मागे वळून पाहिलं. म्हातारीच्या कडेवर रिकामी घागर होती आणि ती घागर खाली ठेवत नव्हती, बहुधा जागा जाईल म्हणून. मी अर्ज घडी करून पिशवीत टाकला. चीड आली ती त्या कारकुनाची नव्हती. त्याचं बरोबर होतं, आणि बरोबर असणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हीच चीड.

घरी भावजयीला विचारलं. घरातलं पाणी तिच्या ताब्यात होतं आणि तिची वाटणी माझ्या कुठल्याही यादीपेक्षा चोख होती. पिण्याचा रांजण वेगळा. स्वयंपाकाचं वेगळं. माझ्या भावाच्या सकाळच्या लिंगपूजेला एक तांब्या, आणि ते पूजेचं पाणी तुळशीला. भाज्या धुतलेलं पाणी भांड्यांना. भांडीसुद्धा आधी राखेनं कोरडीच घासायची, मग नुसती विसळायची.

"अक्का, आम्ही पंधरा दिवस अंग पुसून काढतो," ती म्हणाली, "अन् तुमच्या मण्यांना सहा-सहा आंघोळी? कुणाच्या लग्नाचे हायेत ते?"

"एक कळशी तरी?"

"एक कळशी देते. तीबी सणासाठी राखलेली. अन् धुतलेलं पाणी ओतायचं न्हाई, मला परत पायजे. संडासला लागतं."

एका कळशीत काही होणार नव्हतं. मी दुपारी मिलमध्ये परातीपुढे बसले. मामा दोन हात लांब उभे होते, खाली मान घालून. त्यांची चूक त्यांना कळली होती, आणि त्यामुळे त्यांच्यावर ओरडायची सोयही राहिली नव्हती. दुपार टळली तरी मी वहीत काही लिहिलं नव्हतं.

थोरली आली. तिनं परातीत बघितलं, मग माझ्याकडे. "तेल काढाया पाणी कशाला लागतंय? तुझी भावजय भांडी कशानं घासती?"

"राखेनं."

"मग? राख न्हाई चालत तर भुसा हाय की. तुरीचा भुसा तेल पितो. भुशात घोळ, चाळ, परत घोळ."

मी तिला विचारलं, भुसा मण्यांना लागून राहिला तर? ती म्हणाली, "मोठा भुसा घे. दाणा चाळणीतनं पडंल, भुसा वर राहील. तुझ्या डोक्यात एवढंबी न्हाई आलं? एवढी शिकून काय केलंस?"

मामांनी धावत जाऊन भुशाची पोती काढली. तो गुरुवार संध्याकाळपर्यंत आणि शुक्रवारचा अर्धा दिवस आम्ही मणी भुशात घोळले. थोरली सुपात, मी परातीत, मामा चाळणीवर, सगळ्यांच्या हाताला फडकी. भुसा गडद होऊन यायचा, तो फेकायचा, नवा घ्यायचा. सातव्या-आठव्या खेपेला भुसा जसा गेला तसाच परत आला. मणी पुन्हा भुरकट दिसायला लागले. मामांना ते बघवत नव्हतं.

उरलेला तेलाचा अंश आणि भुशाची धूळ काढायला कळशीभर पाणी पुरलं. थोडं थोडं घेऊन, साबणाचा एक हात, तीन वेळा निथळणं. वापरलेलं पाणी मी भावजयीला परत दिलं. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "आमच्या भांड्यांपेक्षा स्वच्छ निघाले की."

शनिवारी नांदेडला मैत्रिणीनं मणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. एकेका काचेवर वीस-तीस. शेवटची काच बाजूला ठेवत ती म्हणाली, "हे तू डाळीच्या पत्र्यावर केलंस?" आणि नंतर फॉर्म भरताना माझ्या हाताकडे बघून, "तेलाचं कशाला लिहितेस? निघालंय ना सगळं?"

निघालं होतं. न लिहिता कुणाला कळलंही नसतं. पण नियमात लिहिलं होतं, जे जे केलं ते सगळं. बारा कलमं दुसऱ्यांना लावायची आणि आपण एक गाळायचं, हे मला जमलं नाही. मी लिहिलं: तिरप्या पत्र्यावर निवड. वनस्पती तेल, चुकून. तुरीचा भुसा, मुद्दाम. साबण, पाणी एक कळशी. कंसात लिटर घातले, कारण कळशी तिकडे कुणाला कळणार?

सोमवारी बाटली प्रमुखांच्या टेबलावर होती. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. "हे लिहायलाच हवं होतं?"

"नियम आहे."

"लोक हसतील."

"एकदा हसून झालेत, सर."

त्यांनी बाटली बॅगेत ठेवली.

निकाल यायला चार महिने लागले. आमच्या मण्यांचा गोलपणा चांगल्यांत धरला होता. पण बाटली तुलनेतून बाहेर ठेवली होती, खाली टीप होती: प्रक्रियेत अनपेक्षित टप्पा. म्हणजे पास, पण रांगेबाहेर. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी मामांची परात आठवून दात खाल्ले. आमच्या कार्यशाळेला मात्र त्याच आठवड्यात तिरपा पत्रा करायचा आदेश मिळाला, आणि मला दुसऱ्या कामाला कुणी पाठवलं नाही. विषय बंद झाला नव्हता. पत्राच्या शेवटी तिकडच्या एकानं हातानं लिहिलं होतं की वापरला तसल्या भुशाचा शंभर ग्रॅम नमुना पाठवता येईल का, त्यांना त्यात फार रस आहे.

मी लातूरला पत्र टाकलं. सोबत यादी. एकच कलम, अधोरेखित: तेल लावू नये.

एसटीच्या पार्सलनं गोणपाटात शिवलेलं गाठोडं आलं. दोन किलो तरी असेल. आत भावाची चिठ्ठी होती: 'मामा म्हणतात, परदेशी माणसानं मागितलं आणि शंभर ग्रॅम पाठवायचं, हे बरं दिसत नाही. तीनदा चाळला आहे. तेल अजिबात लावलेलं नाही, थोरली समोर बसून होती. वाटेत कीड लागू नये म्हणून फक्त कापूर घातला आहे.'

गाठोडं उघडलं तर सगळी खोली कापराच्या वासानं भरली. मी खुर्चीत बसले, यादीची प्रत काढली आणि दुसरं कलम लिहिलं.